गुदाउरी (जॉर्जिया): मित्रांसोबत स्नोबोर्डिंग, पहिले तीन दिवस आणि एक मोडलेलं मनगट

घाटवाट (पुणे)

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत आम्ही पाच जण, सगळे शाळेपासूनचे मित्र, जॉर्जियात गुदाउरीला स्नोबोर्डिंग (दोन्ही पाय एका फळीला बांधून बर्फावरून घसरायचा खेळ) करायला जाऊन आलो. इथे बऱ्याच जणांनी विचारलं होतं म्हणून धागा काढतोय. पण आधीच सांगतो, हे नुसतं प्रवासवर्णन नाहीये, मला एक गोष्ट मनापासून सांगायचीये आणि ती कोणीतरी आम्हाला जायच्या आधी सांगायला हवी होती असं रोज वाटतं.

जागेबद्दल थोडं. तिबिलिसीपासून गुदाउरी साधारण १२० किमी, व्हॅनने दोन-अडीच तास. आम्ही मुंबई-शारजा-तिबिलिसी असे गेलो. रस्ता म्हणजे जुना जॉर्जियन मिलिटरी हायवे, तोच पुढे रशियाच्या हद्दीपर्यंत जातो त्यामुळे ट्रकच्या रांगा लागलेल्या असतात, बर्फ जास्त झाला की वरचा घाट बंदही करतात, तेव्हा परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी तिबिलिसीत मुक्काम ठेवा म्हणजे ठेवाच. वाटेत झिनवालीचं धरण, त्याच्या काठावर अनानुरीचा किल्ला, आणि पुढे पासानाउरीला काळी अराग्वी आणि पांढरी अराग्वी अशा दोन नद्या मिळतात, दोन रंगाचं पाणी बराच वेळ शेजारी शेजारी वाहत जातं. आम्ही गाडी थांबवून बघितलं, थंडीने कान दुखत होते तरी कोणाचा पाय निघेना.

गाव २००० मीटरच्या वर आणि सर्वात वरची लिफ्ट सादझेलेची, ती ३२७९ मीटरवर सोडते. उतार रुंद, मशीनने रोज सारखे केलेले, आणि मुख्य म्हणजे झाडं नाहीत. शिकणाऱ्याला हे फार बरं, आपटायला झाड नाही. पण ढग उतरले की आकाश आणि जमीन एकच होतं, समोर चढ आहे की उतार हेच कळत नाही. चौथ्या दिवशी मी थांबलोय असं समजत होतो आणि बोर्ड सरकत होता.

आता मुद्दा. आमच्यात मी एकटाच आधी बोर्डवर उभा राहिलेलो, गुलमर्गला दोन वर्षांपूर्वी पाच दिवस शिकलो होतो. त्यामुळे सगळ्यांनी ठरवलं की शिक्षकाचे पैसे कशाला, हा शिकवेल. मीही हो म्हणालो. पहिल्या दिवशी खालच्या सपाट भागात सगळे पडत-उठत होते, हसत होते, मस्त चाललं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मीच म्हणालो की चला गोंडोल्याने (तारेवरच्या बंद डब्याने) वर जाऊ, वरून दिसतं भारी, येताना हळूहळू घसरत येऊ. साडेतीन वाजले असतील. माझा एक मित्र बोर्डच्या टाचेकडच्या कडेवर आडवा घसरत खाली येत होता, पाय थकले, बोर्ड सपाट झाला, पुढची कड बर्फात रुतली आणि तो तोंडावर पडला, दोन्ही तळहात पुढे टाकून. आवाज काही आला नाही. तो उठून बसला आणि नुसता ग्लोव्हकडे बघत राहिला. ग्लोव्ह हळूच काढला तर मनगट वर उचलल्यासारखं, वाकडं झालेलं. त्याच्या बाइंडिंगचा (बूट बोर्डला जखडणाऱ्या पकडीचा) पट्टा गोठला होता, माझी बोटं थरथरत होती, दोन मिनिटं तो सुटेचना, तेवढ्यात तो मला म्हणतो "अरे घाई करू नकोस, दुखत नाहीये". दुखत होतंच.

बफची (गळ्यात घालायच्या कापडी नळीची) झोळी करून हात गळ्यात बांधला, स्की पेट्रोलवाले, म्हणजे उतारावरची बचाव टीम, आले, स्लेजवर घालून खाली नेलं. गावात एक्स-रे, मग रात्रीच तिबिलिसीला हॉस्पिटल, हाड बसवून प्लास्टर. मित्र बरा आहे आता. पण मला सांगायचंय ते हे की पाच दिवस शिकलेला माणूस शिकवू शकत नाही. मला घसरता येत होतं, पडायला शिकवता येत नव्हतं, आणि कोण कधी थकलंय हे ओळखता येत नव्हतं. उरलेल्या चौघांनी तिसऱ्या दिवसापासून शिक्षक घेतला. त्याने पहिला पाऊण तास फक्त पडायला शिकवलं. ते ऐकताना मला काय वाटलं ते लिहिता येत नाही.

विचारा काय विचारायचं ते, जेवढं माहितीये तेवढं सांगतो.

---

मुक्ता_नाशिक

बापरे, वाचताना काटा आला. मित्र बरा आहे हे वाचून बरं वाटलं. आम्ही चौघी मैत्रिणी जानेवारीत जायचं बघतोय, त्यातल्या दोघी पक्क्या शाकाहारी. तिकडे खायचं काय केलंत? आणि सगळं मिळून खर्च किती आला?

---

घाटवाट (पुणे)

मुक्ता, खाण्याची काळजीच करू नकोस, आमच्यात एक जण कांदा-लसूण पण न खाणारा होता (त्याचे थोडे हाल झाले, पण उपाशी नाही राहिला). लोबियानी म्हणून एक भाकरीसारखा जाड रोट असतो, आत राजमा कुस्करून भरलेला, थंडीत दोन खाल्ले की दुपारपर्यंत चालतं. खाचापुरी चीजची. वांग्याच्या कापात अक्रोडाची चटणी भरून गुंडाळतात, त्याला बद्रिजानी म्हणतात, ते तर मी घरी आल्यावर आईला करून घातलं. खिंकाली म्हणजे मोठे मोदकच दिसायला, वर शेंडी असलेले, बटाट्याचे किंवा मशरूमचे मागायचे, शेंडीला धरून खायचे आणि शेंडी ताटात सोडायची. मांसाचे असतील तर आत गरम रस्सा असतो, पहिला घास जपून. आणि एक शब्द लक्षात ठेव, 'समारखवो'. त्यांच्या चर्चच्या उपासाचं जेवण, त्यात मांस, दूध, अंडं काहीच नसतं. ईस्टरच्या आधीचे उपास चालू असतील तर बऱ्याच हॉटेलात वेगळी यादी मिळते.

खर्च आम्हाला माणशी सव्वा लाखाच्या आत आला, आठ दिवस, विमान धरून. यात हॉस्पिटल नाही. बोर्ड, बूट भाड्याने घेतले, जॅकेट-पँट दोघांनी भाड्याने, बाकीच्यांनी पुण्यातून नेली. जीन्स अजिबात नको. एकदा ओली झाली की दिवस संपला.

---

कॅल्गरीकर

मी इकडे कॅनडात १४ वर्षं, दर हिवाळ्यात रॉकीजमध्ये असतो, मुलांनाही बोर्ड शिकवलाय (म्हणजे पैसे देऊन शिकवून घेतलाय, मी स्वतः नाही, त्याचं कारण घाटवाटने लिहिलंच आहे).

तुमच्या मित्राचं जे झालं त्याला इकडे 'एज कॅच' म्हणतात आणि नवशिक्याचं बरंचसं दुखणं तेच. बोर्डला दोन कडा, बोटांकडची आणि टाचेकडची. चालू असताना नेहमी डोंगराकडची, म्हणजे वरची कड बर्फात पाहिजे. पाय दमले, गुडघे ताठ झाले की बोर्ड सपाट होतो, उताराकडची कड रुतते आणि माणूस फेकला जातो, विचार करायला वेळच मिळत नाही. तोंड उताराकडे असेल तर पुढे, पाठ असेल तर मागे डोक्यावर. म्हणून हेल्मेट. त्यात चर्चा नाही.

पडायचं कसं तर: पुढे पडत असाल तर मुठी आवळायच्या, कोपरं वाकवायची आणि दोन्ही पुढचे हात सपाट एकदम टेकवायचे, नुसता तळहात कधीच नाही. मागे पडत असाल तर आधी खाली बसल्यासारखं व्हायचं, हनुवटी छातीला, हात छातीवर, आणि ढुंगणावरून पाठीवर लोळायचं. हे हॉलमध्ये गादी टाकून जायच्या आधी महिनाभर करा, हसू नका, खरंच करा. पडणं विचार करून जमत नाही, अंगात मुरावं लागतं.

आणि दुसरं, स्की (प्रत्येक पायाला वेगळी पट्टी) पहिल्या दिवशी सोपी वाटते नंतर अवघड होत जाते, बोर्डचं उलट, पहिले दोन-तीन दिवस माणूस रडकुंडीला येतो आणि मग एका दुपारी अचानक वळणं जोडली जातात. लोक दुसऱ्या दिवशीच सोडतात किंवा दुसऱ्या दिवशीच वर जातात, दोन्ही चूक.

---

हाडवैद्य_सातारा

ऑर्थोपेडिक सर्जन आहे, म्हणून दोन गोष्टी. वर्णनावरून मनगटाजवळ रेडियसचं (अंगठ्याच्या बाजूच्या हाडाचं) फ्रॅक्चर, पसरलेल्या हातावर पडल्यावर होतं ते. बाजूने बघितलं तर पालथ्या घातलेल्या जेवायच्या काट्यासारखा आकार दिसतो, आमच्या पुस्तकात नावच तसं आहे. स्कीवाल्यांचे गुडघे येतात आणि बोर्डवाल्यांची मनगटं, कारण बोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले, पाऊल टाकून तोल सावरता येत नाही, मग हातच पुढे जातो. स्वाभाविक आहे, मित्राला दोष देऊ नका, स्वतःलाही नको.

जागेवर काय करायचं: अंगठी, कडं, घड्याळ, मनगटावरचा दोरा लगेच काढायचा, तासाभरात सूज येते आणि मग अंगठी कापावी लागते. हाड सरळ करायचा प्रयत्न कोणीही करू नये. आहे त्या स्थितीत आधार देऊन गळ्यात बांधायचं. बोटं निळी किंवा बधिर वाटली तर डॉक्टरला सगळ्यात आधी ते सांगायचं. रिस्ट गार्ड (मनगटाला आधार देणारा कडक पट्टा) जरूर वापरा, नवशिक्यांमध्ये त्याने मनगटाच्या दुखापती कमी होतात हे नीट तपासलेलं आहे. आणि प्लास्टर असताना बोटं आणि खांदा हलवत राहायचं, अर्धे पेशंट खांदा आखडून घेऊन येतात.

अजून एक, कोणी सांगत नाही. ताजं प्लास्टर घालून ४८ तासांच्या आत विमानात बसणार असाल तर बऱ्याच एअरलाइन्स ते उभं चिरून घ्यायला सांगतात, वर हवेत सूज वाढली तर हात आवळला जातो. तुमच्या मित्राचं काय केलं होतं?

---

घाटवाट (पुणे)

डॉक्टरसाहेब, मनापासून आभार. अंगठीचं आम्हाला माहितीच नव्हतं, त्याच्या बोटात नव्हती हे नशीब. विमान पाच दिवसांनी होतं म्हणून चिरावं नाही लागलं, पण एअरलाइनने काउंटरवर डॉक्टरची चिठ्ठी मागितली, ती सोबत होती म्हणून निभावलं. डिस्चार्जचे कागद इंग्रजीत मागून घ्या, आम्हाला आधी जॉर्जियन लिपीतले मिळाले होते, एक अक्षर कळेना.

विम्याचं पण लिहितो. ट्रॅव्हल इन्शुरन्स सगळ्यांचा होता, पण साध्या पॉलिसीत बर्फावरचे खेळ नसतात, ते वेगळे जोडून घ्यावे लागतात. आमच्यातल्या एकाने बुकिंग करतानाच ते बारीक अक्षर वाचलं आणि सगळ्यांचं जोडलं म्हणून पैसे परत मिळाले. २०२६ पासून जॉर्जियात पर्यटकांना आरोग्य आणि अपघात विमा सक्तीचाच आहे, पण तो आहे म्हणजे बोर्ड त्यात आला असं नाही.

---

शारजाची_वैशाखी

आम्ही इथून दोनदा गेलोय गुदाउरीला, इथला रेसिडेन्स (राहण्याचा परवाना) असल्यामुळे आम्हाला व्हिसा लागला नाही, गल्फमधली खूप आपली मंडळी दिसतात तिकडे. भारतातून येणाऱ्यांना ई-व्हिसा, किंवा अमेरिका, यूके, शेंगेनचा चालू व्हिसा असेल तर त्यावर जाता येतं. इमिग्रेशनला हॉटेल, परतीचं तिकीट, विमा सगळं कागदावर छापून ठेवा, मोबाइल दाखवत बसू नका.

मला एक वेगळंच सांगायचंय. डिसेंबर २०२४ मध्ये गुदाउरीतच एका रेस्टॉरंटच्या वरच्या खोल्यांमध्ये १२ जण झोपेत गेले, त्यातले ११ भारतीय होते, तिथेच काम करणारे. वीज गेली म्हणून बंदिस्त जागेत जनरेटर लावला होता, त्यातून निघणारा विषारी वायू, कार्बन मोनॉक्साइड. त्याला वासच नसतो, पत्ताच लागत नाही. ती बातमी आली तेव्हा आमचं तिकीट काढलेलं होतं, माझ्या डोक्यातून ती मुलं जात नव्हती, घरापासून इतक्या लांब पोटासाठी आलेली. तेव्हापासून आम्ही बॅटरीवरचा छोटा कार्बन मोनॉक्साइड अलार्म सोबत नेतो, साबणाच्या डबीएवढा आहे, उशाजवळ ठेवतो. गॅस हीटर, शेकोटी किंवा जवळपास जनरेटर असेल तर बंद खोलीत हा अलार्म हवाच. प्लीज न्या सगळ्यांनी.

---

घाटवाट (पुणे)

ताई, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. ती जागा तिथली माणसं अजून हळू आवाजात दाखवतात. आमच्याकडे अलार्म नव्हता, पुढच्या वेळी असेल.

---

काळजीत_आई (डोंबिवली)

माझी मुलगी २३ वर्षांची, ऑफिसच्या ग्रुपबरोबर याच गुदाउरीला चाललीये जानेवारीअखेर. ग्रुपमधला एक मुलगा "मी शिकवतो सगळ्यांना" म्हणतोय. मी धागा तिला पाठवला तर म्हणते आई तू उगीच घाबरतेस. मला तिला अडवायचं नाहीये, जाऊ दे, मजा करू दे. पण नेमकं काय सांगू म्हणजे ती ऐकेल?

---

कॅल्गरीकर

काकू, तिला "जपून कर" असं सांगू नका, त्याने काही होत नाही. तिला एवढंच सांगा की तीन दिवसांचा क्लास तुम्ही तुमच्याकडून वाढदिवसाची भेट म्हणून आधीच बुक करून देताय. दोन तास सकाळी, रोज. पैसे भरलेले असले की पोरं जातात. दुपारी मग मित्रांबरोबर त्याच उतारावर सराव करू दे.

आणि दोन नियम तिथले सगळ्यांना लागू: खालच्या माणसाचा हक्क पहिला, वरून येणाऱ्याने त्याला चुकवायचं. आणि थांबायचं तर कडेला, उंचवट्याच्या मागे कधीच नाही, वरून येणाऱ्याला तुम्ही दिसतच नाही. बोर्डवाल्याची पाठ एका बाजूला असते, टाचेवर वळताना तेवढा भाग दिसत नाही, मान वळवून बघायची सवय लावायची.

---

घाटवाट (पुणे)

काकू, त्या शिकवतो म्हणणाऱ्या मुलाला पण हा धागा पाठवा. रागाने नाही. मीही प्रेमानेच शिकवत होतो. मला कोणी सांगितलं असतं तर मी नक्की ऐकलं असतं, निदान आता तरी असं वाटतं.

मुलीला सांगायला अजून थोडं: पहिले दोन दिवस मांडीत आणि पोटरीत इतकं दुखतं की जिना उतरताना कठडा धरावा लागतो, म्हणून आत्तापासून रोज भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसल्यासारखं मिनिटभर थांबायचं, पाच वेळा. पार्श्वभागाला पॅड असलेली चड्डी मिळते, लाजू नये, जाडजूड दिसलं तर दिसू दे. बूट भाड्याने घेताना टाच उचलून बघायची, आत टाच वर सरकली तर नंबर लहान घ्यायचा. कोणता पाय पुढे ते दुकानात विचारतात, डावा पुढे रेग्युलर, उजवा पुढे गूफी, मोजे घालून गुळगुळीत फरशीवर पळत घसरून बघितलं की पुढे येतो तोच पाय. सनस्क्रीन हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांच्या आतल्या कडेलासुद्धा, बर्फावरून ऊन खालून येतं.

आणि उतारांची हद्द दाखवणाऱ्या दोरीच्या पलीकडे जायचं नाही, कितीही स्वच्छ पांढरं दिसलं तरी. झाडं नाहीत म्हणून तो डोंगर मोकळं मैदान वाटतो, पण हिमस्खलन त्याच उतारांवर होतं. गाइड, बीकन (बर्फाखाली गाडलेल्याला शोधायचं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब सळई) आणि फावडं, आणि ते वापरता येणं, यातलं एक नसेल तर मशीनने केलेल्या उतारावरच राहायचं. तातडीचा नंबर ११२.

---

मुक्ता_नाशिक

आम्ही चौघींनी काल रात्री क्लास बुक केला, तीन दिवसांचा. हॉलमध्ये गाद्या टाकून पडायची प्रॅक्टिस पण चालू झालीये, खालच्या काकू विचारायला वर आल्या की काय पडलं. घाटवाट, एक विचारू का, तुमचा मित्र परत बोर्डवर उभा राहील का?

---

कोथरूड_ते_काझबेगी

मीच तो मित्र. घाटवाटने लिंक पाठवली नव्हती, दुसऱ्याच कोणीतरी पाठवली, कालपासून तीनदा वाचलं.

आधी हे लिहितो की त्याने एक गोष्ट अर्धी सांगितलीये. वर जाऊ असं तो म्हणाला हे खरं, पण गोंडोल्यात बसताना माझे पाय लटपटत होते आणि मी ते बोललो नाही. चौघं वर जाणार आणि मी एकटा खाली चहा पीत बसणार हे मला नको होतं. शिक्षक असता तर त्याने माझे गुडघे बघूनच ओळखलं असतं, मित्राला ते सांगावं लागतं, आणि मित्रालाच तर सांगवत नाही. त्यामुळे ज्यांनी शिक्षक घेतला त्यांनीही हे करा, दुपारी तीननंतर एकमेकांना विचारा, "पाय कसे आहेत", आणि जो नको म्हणेल त्याच्याबरोबर एकाने खाली यायचं, कोणी एकटं नाही राहायचं.

उरलेले दिवस माझे वाया गेले असं ज्यांना वाटत असेल त्यांच्यासाठी: प्लास्टर घालून मी घाटवाटसोबत घाटापलीकडच्या स्तेपान्तस्मिंदा गावाला (जुनं नाव काझबेगी) गेलो. त्या दिवशी घाट उघडा होता. वर गेर्गेतीचं चर्च, २१७० मीटरवर, आणि मागे काझबेक शिखर, दहा-बारा मिनिटं पूर्ण मोकळा दिसला. याने त्या दिवशी बोर्डिंग सोडलं होतं, मी म्हणत होतो जा, हा गेला नाही. माझ्या बुटाची लेस हा बांधायचा रोज सकाळी, पाच दिवस, काही न बोलता. ते त्याने इथे लिहिलं नाही म्हणून मी लिहितो.

मनगट आता छान आहे. सहा आठवडे प्लास्टर, मग फिजिओ, रबरी चेंडू दाबून दाबून आईला वैताग आणला. गेल्या महिन्यात पहिल्यांदा हातांवर पूर्ण वजन टाकून बारा सूर्यनमस्कार घातले.

मुक्ता, हो, उभा राहणार. फेब्रुवारीत, तिथेच, आणि पहिले तीन दिवस क्लासमध्ये.

घाटवाट, शनिवारी संध्याकाळी तुझ्याकडे येतो. रिस्ट गार्ड आणलेत पण माझ्या ग्लोव्हच्या आत बसत नाहीयेत, तुझे ते मोठ्या साइझचे काळे मिटन्स माळ्यावरून काढून ठेव, घालून बघू.